भिजका माल

हर्षवर्धनने तळघराचं दार खांद्याने ढकललं आणि आधी वास बाहेर आला. चारुलता त्याच्या मागेच उभी होती. तिने पदर नाकाला लावला, पण पदराने काही होईना. तो वास तोंडावाटे आत शिरत होता, जिभेवर बसत होता. कुजलेला कोबी, मेलेला उंदीर, तुंबलेला संडास, आणि या सगळ्याच्या वर सुक्या मिरचीचा ठसका. तिला एकाच वेळी शिंक आणि उमासा आला.

बेगम बाजारातलं हे मसाल्याचं ठोक दुकान तिच्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी उभं केलेलं. भालकीची शेती भावांवर सोपवून ते तरुणपणीच हैदराबादला आले, आधी दुसऱ्याच्या गादीवर गुमास्ता म्हणून बसले, मग स्वतःची गादी टाकली. आता दुकान तिचा नवरा हर्षवर्धन बघायचा. वर गादी आणि नमुन्याची पोती, खाली तळघरात खरा साठा. दसरा-दिवाळीच्या तोंडावर धने, मिरची, हळद, दळून बांधलेली तिखटाची पाकिटं, सगळं भरून ठेवलेलं.

आणि त्याच आठवड्यात महिन्याभराचा पाऊस एका संध्याकाळी कोसळला. वरच्या धरणांची दारं उघडली, मुसी फुगली, आणि बाजारामागचा नाला जिकडून येतो तिकडेच परत फिरला. रस्त्यावरचं पाणी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतही आलं नव्हतं. तळघरात पाणी आलं ते खालून, कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीतून. अख्ख्या गल्लीच्या गटाराने त्या जाळीतून वर उसळी घेतली आणि छातीएवढं भरून दोन दिवस तिथेच बसलं. पंप लावून ते काढलं तेव्हा खाली काळी साय उरली होती.

चारुलता मधल्या पायरीपर्यंत उतरली आणि तिथेच थबकली. धन्यांची पोती फुगून शिवणीवर उसवली होती. उसवलेल्या जागी धने ओघळले होते आणि त्यांच्यावर केसांचं गुंतवळ, कुणाच्या तरी बाळाचा फुगलेला डायपर, सुपारीच्या पुड्या, आणि एक घूस, पोट वर करून. मिरच्यांच्या ढिगावर पांढरी बुरशी आत्ताच धरायला लागली होती, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी.

"फेकावं लागणार सगळं," ती म्हणाली.

हर्षवर्धनने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पण खाली पाय टाकला नाही. पायरीवरूनच वाकून त्याने एका पोत्यात हात घातला, आतून मूठभर धने काढले आणि उजेडाकडे नेऊन बघितले.

"मधलं तेवढं खराब नाही," तो म्हणाला.

"अहो, संडासाचं पाणी आहे ते."

"पाणीच ना शेवटी? वाळतं ते."

तिला वाटलं, धक्क्याने बोलतोय. माणूस दोन रात्री झोपला नव्हता, विमा कंपनीच्या माणसाने तळघरातला साठा आमच्यात धरत नाहीत असं फोनवरच सांगून टाकलं होतं. अशा वेळी माणूस काहीही बोलतो. तिने त्याच्या दंडाला धरून त्याला वर आणलं, बाटलीतल्या पाण्याने त्याचे हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यानगरच्या त्यांच्या इमारतीखाली टेम्पो येऊन उभा राहिला आणि हमालांनी ओली पोती गच्चीवर चढवायला सुरुवात केली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर काळं पाणी ठिबकत होतं.

इमारत जुनी, तीन मजल्यांची, मोजकी बिऱ्हाडं. गच्ची सगळ्यांची. हर्षवर्धनने दारोदार जाऊन आधीच परवानगी काढली होती. "पावसाने थोडा माल ओला झालाय, आठवडाभर ऊन द्यायचंय," असं सांगितलं होतं आणि प्रत्येक घरी तिखटाचं एकेक पाकीट दिलं होतं. समोरच्या मीनाने लगेच हो म्हटलं होतं. ती आणि तिचा नवरा अविनाश पुण्याचे, दोघंही संगणकाच्या नोकरीत. मीना चारुलताला म्हणाली, "अहो चारूताई, त्यात काय विचारायचं! बिचारे तुम्ही. केवढं नुकसान!" चारुलताने मान खाली घातली होती. "थोडा ओला" हे शब्द तिने ऐकले होते आणि गप्प राहिली होती.

गच्चीवर ताडपत्र्या पसरल्या. धने आणि मिरच्या टोपल्यांतून ओतल्या, नळीने धुतल्या, ब्लीचिंग पावडर मारून परत धुतल्या. कामाला यादम्मा होती, दुकानात मिरचीची देठं खुडायला येणारी बाई. तिच्या जोडीला चारुलता. घरचं नुकसान, घरच्या बाईने हात लावला नाही तर कोण लावणार, असं तिने स्वतःला समजावलं.

दोन तासांत तिचे हात पेटले. मिरचीचा दाह तिला माहेरपासून ठाऊक होता, तो गोड्या तेलाने जातो. हा निराळा होता. नखांच्या कडेला बारीक फोड आले. यादम्माच्या तर पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटायला लागली.

"अम्मा, ये नक्को," यादम्मा म्हणाली. "पानी में क्या था की मालूम नै. पावां जल रै."

चारुलताने तिला मलम लावायला दिलं, पैसे देऊन घरी पाठवलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्यावर हर्षवर्धन रात्री जेवताना चिडला. दुसऱ्या दिवशी त्याने कुठून तरी दोन अनोळखी बायका आणल्या. त्याच ओल्या ताडपत्र्यांवर त्या अनवाणी फिरायला लागल्या.

पावसाने उघडीप दिली आणि ऊन असं पडलं की जणू त्याला पाऊस काय ते ठाऊकच नव्हतं. त्या उन्हात गच्ची शिजली. मिरची वाळण्याआधी आंबली. घाणीच्या वासावर एक गोडसर, दारूसारखा वास चढला आणि तो जिन्यातून खाली उतरून प्रत्येक घरात शिरला. कपड्यांना तो वास, उशांना तो वास. दुधावर साय धरली तरी चारुलताला तळघरातली साय दिसायची. तिने खिडक्या लावल्या, उदबत्त्या लावल्या. उदबत्तीत मिसळून तो वास देवघरात जास्तच घुटमळायला लागला. मग तिने उदबत्त्याही विझवल्या.

ईशा, त्यांची मुलगी, कॉलेजातून आली ती मास्क लावूनच. "ममा, घरात कुणी मेलंय का? मी जाते सुजाताच्या रूमवर, कुकटपल्लीला. हे संपेपर्यंत मी येत नाही."

"हे वाळवून विकणार आहेत तुझे पप्पा," चारुलता म्हणाली. सांगितल्यावर पोरगी तरी काही बोलेल, अशी तिला आशा होती.

ईशाने बॅगेत कपडे कोंबता कोंबता खांदे उडवले. "सगळेच करतात ममा. बाहेरचं खातो त्यात काय काय असतं, तुला माहितीये? विचार केला तर माणूस खाऊच शकणार नाही." आणि ती गेली. नाक तिने घट्ट झाकलं होतं. बाकी तिला काही झोंबलं नव्हतं.

चारुलताचं जेवण सुटलं. भाजीला फोडणी घातली की मोहरीच्या जागी तिला उसवलेलं पोतं दिसे. ती भात आणि ताक खायची, तेही डोळे मिटून.

आबासाहेब मात्र मजेत होते. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, गुडघ्यांमुळे दुकानात जाणं बंद झालेलं, पण आता दुकानच घरी आलं होतं. रोज सकाळी काठी टेकत ते गच्चीवर जायचे, खुर्ची टाकून बसायचे आणि बायकांना उलथापालथ कशी करायची ते सांगायचे. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणी काही विचारत होतं. चारुलता त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली तेव्हा हर्षवर्धन त्यांच्याजवळ उकिडवा बसला होता.

"वास मरंना झालाय आबा," तो म्हणत होता.

"मरतंय की. घाबरायलास कशाला?" आबासाहेबांनी हातातला धना चोळून हुंगला. "गिरणीत आधी जरा भाजून घ्यायचं. भाजलं की अर्धा वास गेला. मग एकाला तीन चांगला माल मिसळायचा. मिरचीत हळद नको, रंग बदलतंय. धन्यात थोडं हिंगाचं पाणी मारायचं. दळलं की सगळं एकच दिसतंय."

"गिऱ्हाईक ओळखत नाही?"

"दोन हजार सालच्या पुरात काय केलं वाटतंय तुला? तवाबी तळघर भरलंच होतं की. एक दाणा फेकला नाही मी. केटरिंगवाले, हॉस्टेलवाले, त्यांना द्यायचं. तिथं हजार पानं उठतात. कोण कुणाला विचारतंय?"

चारुलताने चहाची कपबशी कठड्यावर ठेवली. दोन हजार साली ती या घरात नवी नवरी होती. त्या पुराची गोष्ट तिने सासऱ्यांच्या तोंडून कितीदा ऐकली होती. दुकान बुडालं आणि आबासाहेबांनी हिमतीने सहा महिन्यांत परत उभं केलं, ही गोष्ट. घरात पाहुणे आले की ती गोष्ट निघायचीच. ती स्वतःही माहेरच्यांना अभिमानाने सांगायची.

"आबा," तिने विचारलं, "त्या साली घरात कुठलं तिखट होतं?"

आबासाहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू पोरीने खुळ्यासारखं काही विचारलं. "घरातलं वेगळंच असतंय की, सूनबाई. घरात कोण आणतंय तसलं?"

ती खाली आली. स्वयंपाकघरात ओट्याखाली कापडी पिशवी होती. काल हर्षवर्धनने ठेवलेली. तिने उघडून बघितली तर आत हिरवट, टपोरे, खुळखुळीत धने आणि लालभडक मिरची, शेजारच्या दुकानातून घेतलेली. पिशवीवर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "घर".

चारुलता मोरीपाशी गेली आणि ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं आंबट पाणी पडलं. तोंड धुऊन ती बराच वेळ मोरीच्या कडेला बसून राहिली. तळघरातल्या घाणीची तिला आता तेवढी किळस वाटेना. ती घाण बिचारी आपसूक आली होती, पावसाने लोटली म्हणून. ही पिशवी कुणीतरी विचार करून आणली होती.

हर्षवर्धन दुकानात गेला. दुपारी आबासाहेब जेवून पडले. दोन्ही बायका जेवायला म्हणून खाली उतरल्या. तळघर धुवायला आणलेले काळ्या फिनेलचे डबे जिन्याच्या वळणावर रांगेने उभे होते. चारुलताने एकेक करून ते वर नेले. पदर खोचला, झाकणं काढली, आणि ताडपत्रीच्या एका टोकापासून ओतायला सुरुवात केली.

तिने घाई केली नाही. शेणसडा घालतात तसं ती ओतत गेली, कोपरे सोडले नाहीत. वाळत आलेले धने काळे पडून चिकटले. मिरच्यांवर फिनेल पडलं तिथे पांढरा फेस आला. मागे रचलेल्या, भरून शिवलेल्या पोत्यांना तिने विळ्याने चिरा पाडल्या आणि आत डबा उपडा केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वासाने. रडू तिला आलं नव्हतं. शेवटचा डबा रिकामा झाल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला.

"तुम्ही घरी या."

"का? आबा बरे आहेत ना?"

"ते बरे आहेत. गच्चीवरच्या मालावर मी फिनेल ओतलंय. सगळ्यावर."

तिकडून फोन बंद झाला.

तो आला तोवर आभाळ भरून आलं होतं. गच्चीच्या दारात तो उभा राहिला. मग आत येऊन खाली बसला, मूठभर मिरच्या उचलल्या, नाकाशी नेल्या आणि टाकून दिल्या. हात कुठे पुसावा हे त्याला कळेना.

"वेड लागलंय तुला?" आवाज चढला नव्हता, तो कसनुसा झाला होता. "दसरा तोंडावर आला. या मालावर मी पुढचा माल उचलणार होतो. आता कशावर उचलू?"

"काहीही करा. दागिने मोडा माझे. पण हे कुणाच्या पोटात जाणार नाही."

"कुणाच्या पोटात काय काय जातं, तू बघायला जातेस का?"

"घर म्हणून लिहिलेली पिशवी आणलीत ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग तुम्हाला सगळं कळत होतं."

तो काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात पहिला टपोरा थेंब ताडपत्रीवर फुटला. आणि मग पाऊस असा आला की समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. मागच्या पावसाचाच हा भाऊ. हर्षवर्धन सवयीने धावला. ताडपत्रीची टोकं ओढून तो सडका, फिनेल पाजलेला माल झाकायला लागला. पुन्हा पुन्हा वारा टोक हिसकावून घेई, तो पुन्हा पकडे. चारुलता भिजत उभी राहून बघत होती. तिला त्याची दया आली, आणि त्या दयेतही किळस होतीच.

"सोडा ते," ती ओरडली. "अहो, सोडा!"

तांबडं, काळं, फेसाळ पाणी गच्चीभर पसरलं आणि कोपऱ्यातल्या पावसाच्या पाइपांकडे धावलं. धने-मिरच्या सगळं घेऊन धावलं. चारुलताने कठड्यावरून खाली वाकून बघितलं. पाइप अंगणात उघडत होते. अंगणातलं गटार मागच्या पावसाच्या गाळाने अजून तुंबलेलंच होतं. पाणी निघून जायला वाटच नव्हती. ते साचत होतं, आणि अंगणाच्या मधोमध संपचं लोखंडी झाकण त्या लाल डबक्याखाली दिसेनासं होत होतं. संप म्हणजे जमिनीखालची टाकी. अख्खी इमारत तिचंच पाणी पीत होती.

ती जिना उतरून धावली. आधी मोटर बंद केली. घोट्यापर्यंतच्या त्या पाण्यात ती संपकडे गेली. झाकणाच्या फटीतून बुडबुडे येत होते. वरचं पाणी आत चाललं होतं. पायांना चुरचुर सुटली. मोटर दर अर्ध्या तासाने आपोआप सुरू व्हायची. वरच्या टाकीत यातलं काही गेलं होतं की नाही, कुणी सांगावं?

पहिल्याच दाराची बेल तिने वाजवली तेव्हा हर्षवर्धन मागे येऊन उभा राहिला. "पावसाचं गढूळ पाणी शिरलं म्हण," तो हळूच म्हणाला. "एवढंच म्हण. खोटं नाही ते."

दार उघडलं. तळमजल्यावरच्या तरुण आईच्या कडेवर लेकरू होतं.

"नळाचं पाणी वापरू नका," चारुलता म्हणाली. "पिऊ नका, तोंडसुद्धा धुऊ नका. संपमध्ये आमच्या मालाचं पाणी शिरलंय. त्यात फिनेल आहे. मी ओतलं ते. आणि माल गटारात बुडालेला होता. थोडा ओला नव्हता."

हर्षवर्धनने भिंतीला पाठ टेकली.

हीच वाक्यं तिने प्रत्येक दारात म्हटली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत जिन्यात सगळे गोळा झाले होते. मीना घाईघाईने घरात गेली आणि तिखटाचं पाकीट दोन बोटांत धरून बाहेर आली, मेलेली पाल धरावी तसं.

"हे?" ती म्हणाली. "हे कुठलं होतं? आम्ही रोज खातोय हे, भाऊ!"

सगळ्यांनी हर्षवर्धनकडे बघितलं. चारुलतानेही बघितलं. हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"चांगल्यातलं होतं ते," तो म्हणाला. पण म्हणायच्या आधी तो क्षणभर थांबला, आणि तो क्षण सगळ्यांना दिसला. तळमजल्यावरच्या आईने लेकराचं तोंड उगाचच पदराने पुसायला सुरुवात केली. कुणीतरी तोंडावर हात दाबून घरात पळालं. तो खरं बोलतोय की खोटं, हे चारुलतालाही ओळखता आलं नाही. सव्वीस वर्षं ती या माणसाबरोबर संसार करत होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून आज तिला काहीच वाचता येत नव्हतं.

मग बोलणी झाली. मोठ्याने झाली. टँकरचं पाणी कोण मागवणार, संप कोण साफ करणार, जिना कोण धुणार, फसवून परवानगी घेतली, पोलिसांत जायला हवं. चारुलता सगळ्याला हो म्हणत होती. शेवटी मीना म्हणाली, "हे बघा, तुमचा धंदा तुम्ही बघा. कुठे विकायचं ते विका. पण आपल्या बिल्डिंगमध्ये असलं काही चालणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

कुठे विकायचं ते विका. चारुलताने मीनाकडे बघितलं. स्वच्छ, सुसंस्कृत बाई, कधी कुणाला वाकडं बोलली नाही. तिच्या हातातलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात गेलं आणि तिच्यापुरता प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी कामगार मिळेना. शहरभर लोकांच्या संपमध्ये गटार शिरलं होतं, साफ करणारे सगळे कुठे ना कुठे खाली उतरलेले. अविनाश दारात येऊन म्हणाला, "दुपारपर्यंत झालं पाहिजे." तेव्हा चारुलताने तळघराचा पंप लावून संपमधलं पाणी काढलं आणि बादली, खराटा उचलला. तिला कमरेएवढ्या त्या भोकात पाय सोडताना बघून हर्षवर्धन वरून म्हणाला, "तू बाहेर ये. मी उतरतो."

तो उतरला. तळघराच्या पायरीवरून ज्याने खाली पाय टाकला नव्हता, तो माणूस पोटरीएवढ्या लाल काळ्या गाळात उभा राहिला आणि बादल्या भरून वर द्यायला लागला. ती त्या ओढून हातगाडीवरच्या पिंपात रिकाम्या करत होती. आतल्या कोंडलेल्या वासाने त्याचा श्वास फुलला. थोड्या वेळाने त्याने भिंतीला हात टेकला आणि ओकला, तिथेच, त्याच गाळात. मग तीही बादली त्याने भरून वर दिली. वर खिडकीत आबासाहेब बसले होते, गच्चीवरचा माल कचऱ्याच्या गाडीत चढताना बघत. "केवढा माल," ते परत परत म्हणत होते. "केवढा माल वाया घातला पोरीनं."

संध्याकाळी दोघं अंघोळ करून बसली तेव्हा तिने विचारलं, "बाहेर किती गेलाय?"

तो हातांची नखं कोरायला लागला. "धन्याची पहिली खेप," तो म्हणाला. "काल, गिरणीतून परस्पर. एका केटररला."

"उद्या जाऊन परत आणायची."

"परत कशी आणू? काय सांगू त्याला?"

"मी सांगते. तुम्ही फक्त घेऊन चला."

केटररचा मुदपाकखाना शहराबाहेर होता, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये. भल्या मोठ्या डेगांमधून वाफ निघत होती, बायका कांदे चिरत होत्या. मालक लठ्ठ, हसतमुख, गळ्यात रुमाल. हर्षवर्धनला बघून तो उठून पुढे आला. चारुलताने काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "अरे भाई, आओ आओ! वो धनिया बहुत बढ़िया था. दो शादियां निकल गईं उसमें. खुशबू क्या थी! और है क्या?"

चारुलताने तयार करून आणलेली वाक्यं आता उपयोगाची नव्हती. दोन लग्नं. नवे कपडे घातलेली माणसं, हातावर मेंदी काढलेल्या पोरी, आग्रह करकरून वाढणारे म्हातारे. कुणाचं पोट दुखलं असेल, कुणी रात्री उलट्या काढल्या असतील, उन्हाने झालं असेल, जागरणाने झालं असेल, असं म्हणून झोपले असतील.

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला होता. कुणाला कळलं नाही, कुणी तक्रार केली नाही. त्याने सोडलेला सुटकेचा श्वास तिला ऐकू आला. काल गाळात उभं राहून ओकलेला हाच माणूस. त्याच्यात काहीतरी बदललं असेल असं तिने रात्रभर स्वतःला सांगितलं होतं.

"नाही," ती केटररला म्हणाली. "तो माल गटारात बुडालेला होता. उरलेला आम्ही फेकलाय. तुमच्याकडे त्यातलं काही उरलं असेल तर तेही फेका."

केटररचं हसू तोंडावरच राहिलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग हर्षवर्धनकडे, मग आजूबाजूला कुणी ऐकलं नाही ना ते. "बहेनजी, धीरे," तो म्हणाला. "ऐसी बातें यहां नक्को."

परतताना हर्षवर्धन गाडी चालवत होता. रस्त्याच्या कडेला अजून गाद्या वाळत टाकलेल्या होत्या, कपाटं, चिखलाने माखलेले फ्रिज. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "गेलं एकदाचं. झालं आता सगळं तुझ्या मनासारखं?"

"नाही," ती म्हणाली. "उद्यापासून मी दुकानात बसणार आहे. माल येताना मी बघणार, जाताना मी बघणार. दळण गिरणीत जाईल तेव्हा मी बरोबर जाणार."

"आबा काय म्हणतील?"

"म्हणू दे."

हिरवा दिवा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. "बस दुकानात," तो गिअर टाकत म्हणाला. "पण गिऱ्हाईकांसमोर काही बोलू नको."

"त्याचा शब्द मी आत्ता देऊ शकत नाही," चारुलता म्हणाली, आणि काच खाली केली. बाहेरचा वास काही आतल्यापेक्षा बरा नव्हता. तरी तिने काच उघडीच ठेवली.